एक खोली गारठते, दुसरी उकडते: एसीत गॅस भरायच्या आधी काय तपासायचं

फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "हॉलमध्ये शाल घेऊन बसतोय आणि आतल्या खोलीत घामाच्या धारा. गॅस कमी झाला असेल, जरा भरून द्या." गॅसची टाकी मी सोबत नेतो, पण या तक्रारीसाठी ती गाडीतून खाली उतरवायची वेळ क्वचितच येते. गॅस सगळ्या घराचा एकच असतो. तो कमी झाला तर सगळ्याच खोल्या उबट व्हायला हव्यात. एक खोली गार आणि दुसरी गरम याचा अर्थ यंत्र आपलं काम करतंय, पण थंड हवा त्या खोलीत पोचत नाहीये. नाहीतर पोचतेय, पण खोलीतल्या हवेला परत यंत्राकडे जायला वाट नाहीये. हे दुसरं कारण लोकांना सांगून पटत नाही आणि माझ्या कामात सगळ्यात जास्त वेळा तेच निघालंय.

पुढचं सगळं मुख्यतः अशा घरांसाठी आहे जिथे एकच मोठं यंत्र आहे, फॉल्स सीलिंगमधून डक्ट, म्हणजे हवेच्या मोठ्या नळ्या, फिरवलेत आणि प्रत्येक खोलीत ग्रिल, म्हणजे हवा सोडणारी जाळी, आहे. हॉलमधल्या एका स्प्लिट एसीवर शेजारची खोलीही थंड करू पाहणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलंय.

लक्षण नेमकं काय?

"खोली थंड होत नाही" ही तक्रार झाली, लक्षण नव्हे. दोन दिवस जरा लक्ष ठेवा आणि यातलं काय जुळतं ते बघा.

– दार लावलं की खोली तापते, उघडं ठेवलं की सुधारते. दार आपोआप हलतं, लावताना जोर लागतो किंवा खालच्या फटीतून शीळ घातल्यासारखा आवाज येतो.

– सकाळी सगळं ठीक, पण दुपारी चारनंतर तीच खोली तापते आणि मध्यरात्रीपर्यंत निवत नाही.

– ग्रिलमधून येणारी हवा हाताला चांगली गार लागते, पण झोत अगदी मरतुकडा.

– झोत जोरदार, पण हवा बाकीच्या खोल्यांपेक्षा उबट.

– सुरू केल्यावर तासभर उत्तम, मग सगळ्या घरातली हवा हळूहळू कमी होत जाते. बंद करून थोड्या वेळाने लावलं की पुन्हा ठीक. मधूनच इनडोअर युनिटखाली पाणी.

– खालचा मजला गार, वरचा गरम.

पहिलं लक्षण दाराचं, दुसरं उन्हाचं, तिसरं आणि चौथं त्या खोलीच्या डक्टचं, पाचवं कॉइलवर, म्हणजे यंत्रातल्या हवा गार करणाऱ्या नळ्यांवर, बर्फ धरल्याचं. सहाव्यात बहुतेकदा दोन-तीन कारणं एकत्र असतात. थंड हवा जड, ती जिन्यावरून खाली उतरते. वरच्या मजल्यावर स्लॅबची उष्णता असते. आणि खोलीचं तापमान बघून यंत्र चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट नेमका खालच्या मजल्यावर, त्यामुळे खालचा मजला गार झाला की यंत्र समाधानी होऊन थांबतं.

काहीही उघडण्याआधी मोजा

साधा थर्मामीटर पुरतो. मात्र सगळीकडे एकच वापरा, कारण दोन स्वस्त थर्मामीटर एकमेकांशी सहज एखाद-दोन अंशांनी भांडतात. पिस्तुलासारखा लाल ठिपक्याचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही. तो हवेचं तापमान मोजत नाही, समोरच्या पृष्ठभागाचं मोजतो. ग्रिलवर रोखलात तर ग्रिलच्या पत्र्याचं तापमान कळेल.

थर्मोस्टॅटवरचं तापमान अगदी कमी लावून यंत्र पंधरा-वीस मिनिटं पूर्ण जोरात चालू द्या. इन्व्हर्टर यंत्र असेल तर हे विशेष महत्त्वाचं, कारण ते हळू चालत असताना आकडे फसवे येतात. मग रिटर्न ग्रिलपाशी, म्हणजे यंत्र जिथून घरातली हवा ओढतं तिथे, तापमान घ्या. नंतर यंत्राच्या सगळ्यात जवळच्या ग्रिलमध्ये घ्या. फरक साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअस असावा. हवा दमट असेल तर तो ८ च्या जवळ राहतो आणि त्यात काही बिघाड नसतो. फरक ५-६ वर आला असेल तर शंका गॅस, कॉम्प्रेसर किंवा आउटडोअर युनिटवर जाते. उलट फरक १३-१४ च्या वर गेला तर कॉइलवरून हवाच कमी जातेय. "एवढी गार हवा येतेय म्हणजे एसी झकास" असं लोक म्हणतात तेव्हा मी फिल्टर बघायला उठतो.

झोत मोजायला कचऱ्याची मोठी पिशवी घ्या. तोंडाशी तारेची किंवा पुठ्ठ्याची चौकट चिकटवा, म्हणजे तोंड उघडं राहील. पिशवी पूर्ण चपटी करून ग्रिलवर धरा आणि फुगायला किती सेकंद लागतात ते मोजा. साठ लिटरची पिशवी तीन सेकंदांत भरली तर सेकंदाला वीस लिटर हवा येतेय. अचूक आकडा नाही मिळाला तरी चालेल, आपल्याला तुलना हवी आहे. एका खोलीत तीन सेकंद आणि दुसरीत नऊ लागले तर कुठे शोधायचं ते ठरलं. दोन्हीकडे सारखेच लागले आणि तरी एक खोली तापते, तर डक्ट सोडा, त्या खोलीत उष्णता कुठून येते ते बघा.

आकडे कागदावर लिहा. वेळही लिहा.

फिल्टर आणि रिटर्न ग्रिल

फुकटातलं काम, म्हणून आधी. फिल्टर काढून उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर यंत्रालाही पलीकडची हवा मिळत नाहीये. फिल्टर तुंबला की सगळ्याच खोल्यांची हवा कमी होते, पण लांबच्या डक्टवरची खोली आधी ओरडते. जवळच्या खोल्या कशाबशा निभावून नेतात. म्हणूनच "एकाच खोलीचा प्रॉब्लेम" फिल्टरचा निघतो.

धुतलात तर पूर्ण वाळवूनच बसवा. ओल्या जाळीवर धूळ लेपासारखी बसते. आणि हात आत घालून मागे आणखी एखादा फिल्टर नाही ना, हे बघा. हसू नका. कोणीतरी जुना न काढताच पुढे नवा सरकवलेला मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलाय. एका ठिकाणी मागचा फिल्टर वाळून ताठ झाला होता, बोट लावलं तर पुठ्ठ्यासारखा वाजला.

"जास्त बारीक फिल्टर म्हणजे जास्त चांगला" हेही तपासून घ्या. दाट विणीच्या फिल्टरमधून हवा ओढायला ब्लोअरला, म्हणजे यंत्रातल्या पंख्याला, जास्त जोर लागतो, आणि सगळ्याच ब्लोअरमध्ये तो नसतो. नवा फिल्टर बसवल्यावर झोत पडला असेल तर आधीच्या प्रकाराचा लावून पिशवीने पुन्हा मोजा.

रिटर्न ग्रिलसमोर कपाट, सोफ्याची पाठ किंवा पडदा असेल तर हलवा. पुरवठ्याच्या ग्रिलचंही तसंच. ग्रिलच्या मागे बहुतेकदा हवा कमी-जास्त करणारा पट्ट्यांचा छोटा डॅम्पर असतो. स्क्रूड्रायव्हरने किंवा काडीने फिरवायचा. रंगकाम करताना तो बंद होतो आणि मग कोणाला आठवत नाही. टॉर्च मारून बघा.

इथेच एका चुकीच्या सवयीबद्दल. गार खोल्यांची ग्रिलं बंद केली की उरलेली हवा आपोआप गरम खोलीत जाईल, असं सगळ्यांना वाटतं. थोडी जातेही. पण ब्लोअरवरचा दाब वाढतो, डक्टच्या सांध्यांतून गळती वाढते आणि कॉइलवरची एकूण हवा कमी होऊन बर्फ धरायला सुरुवात होते. एखादं ग्रिल पाव भाग मिटवणं ठीक, दोन-तीन पूर्ण बंद करणं नाही.

दार: जिथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो

एका काकूंच्या घरी दोनदा गॅस भरून झाला होता. आदल्या मेकॅनिकने यंत्रच लहान पडतंय, मोठं घ्या, असं सांगून ठेवलं होतं. बेडरूमच्या ग्रिलमधून हवा व्यवस्थित येत होती. मी दार लावायला गेलो तर शेवटच्या चार बोटांना ते आतून कोणीतरी ढकलावं तसं अडलं. टिश्यू पेपरची पट्टी फटीपाशी धरली, ती सरळ बाहेरच्या बाजूला आडवी झाली. दाराखाली बघितलं तर नवा जाड गालिचा, दाराला घासतच होता.

"गालिचा कधी टाकलात?"

"दिवाणखाना रंगवला तेव्हा. का हो?"

"आणि खोली तापायला कधीपासून लागली?"

काकू गप्प झाल्या.

यंत्र एका बाजूने हवा ओढतं आणि दुसऱ्या बाजूने तेवढीच सोडतं. बहुतेक घरांत रिटर्न ग्रिल एकच असतं, हॉलमध्ये किंवा पॅसेजमध्ये. बेडरूममध्ये सोडलेली हवा दाराखालच्या फटीतूनच परत जाणार. फट बुजली की खोली फुग्यासारखी भरते, आतला दाब वाढतो आणि ग्रिलमधून येणारी हवा कमी होते. शिवाय जी हवा बेडरूममधून परत आली नाही, तिच्या जागी यंत्र दुसरीकडून हवा ओढतं: खिडक्यांच्या फटींतून, एक्झॉस्टच्या भोकातून, मुख्य दाराखालून. म्हणजे बाहेरची गरम हवा. एक दार लागलं आणि सगळ्या घराचं गणित बिघडलं.

किती फट हवी? एका मध्यम बेडरूमला साधारण १०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा येते असं धरू, म्हणजे सेकंदाला सुमारे ४७ लिटर. बंद दाराच्या आत-बाहेरचा दाबाचा फरक ३ पास्कलच्या आत राहावा, असा मापदंड या धंद्यात धरतात. तेवढी हवा तेवढ्या दाबात बाहेर काढायची तर सुमारे ३५० चौरस सेंटिमीटर मोकळी जागा लागते. ८० सेंटिमीटर रुंदीच्या दाराला याचा अर्थ चार सेंटिमीटरपेक्षा जास्त फट. एवढं दार खालून कोणी कापत नाही. नेहमीची एक सेंटिमीटरची फट ८० चौरस सेंटिमीटर देते, गरजेच्या पावभागाहूनही कमी. म्हणजे गालिचा नसलेल्या घरातही दार लावलं की थोडाफार त्रास होणारच. गालिच्याने तो फक्त उघडा पाडला.

तपासायची रीत अगदी सोपी. यंत्र चालू, खोलीचं दार बंद, एक तास थांबा, तापमान लिहा. पुन्हा दार चार बोटं उघडं ठेवून तासाभराने लिहा. दोन अंशांचा फरक पडला तर दोष सापडला, पुढचं काही उघडू नका.

"म्हणजे दार उघडं टाकून झोपायचं का आम्ही?" काकूंचा प्रश्न रास्त होता. उपाय असे. दाराच्या वर किंवा भिंतीत आरपार ग्रिल बसवायचं. तीस बाय तीस सेंटिमीटरचं ग्रिल पट्ट्यांची जागा वजा जाता साधारण निम्म्याहून जास्त मोकळं असतं, म्हणजे १०० सीएफएमला पुरतं. आवाज आणि उजेड नको असेल तर फॉल्स सीलिंगमधून बेडरूम आणि पॅसेज जोडणारा छोटा डक्ट टाकायचा, दोन्ही टोकांना ग्रिल. त्याला पंखा लागत नाही, हवा दाबाने आपली आपण जाते. भिंत फोडण्याआधी ती भार घेणारी नाही आणि तिच्यातून वायरिंग गेलेलं नाही, याची खात्री करा. खोलीसाठी स्वतंत्र रिटर्न डक्ट हा सगळ्यात चांगला मार्ग, पण तो घर बांधतानाच शोभतो.

काकूंकडे त्या रात्रीपुरता गालिचा दुमडून ठेवला. दाराखाली जेमतेम बोटभर फट मोकळी झाली, तरी सकाळी फोन आला की पांघरूण घ्यावं लागलं. दारावरचं ग्रिल नंतर बसवलं.

ऊन

ठरावीक वेळीच तापणाऱ्या खोलीचा दोष डक्टमध्ये शोधू नका. पश्चिमेची काच आणि वरचा स्लॅब दिवसभर उष्णता साठवतात आणि सूर्य मावळल्यावर कितीतरी वेळ सोडत राहतात. काचेच्या आतला पडदा थोडंच अडवतो, कारण ऊन काच ओलांडून आत आलेलं असतं आणि पडदाच तापून खोलीत उष्णता सोडतो. सावली काचेबाहेर हवी: छज्जा, बाहेरची चिक, कुंड्यांची वेल, काहीही. खोली तापायच्या आधी, दुपारी दोनपासूनच, तिथे हवा सोडली तर संध्याकाळी यंत्राची दमछाक कमी होते.

थर्मोस्टॅट आणि पंख्याचं बटण

थर्मोस्टॅट जिथे आहे तिथलंच त्याला कळतं. त्यावर ग्रिलचा थेट झोत पडत असेल तर घर गार झालं समजून तो यंत्र लवकर बंद करतो. शेजारी टीव्ही किंवा ऊन असेल तर उलटं होतं. झोत पडत असेल तर ग्रिलच्या पट्ट्या वळवा, एवढ्यावर काही वेळा काम भागतं.

यंत्राचा पंखा "ऑटो"वर असेल तर कॉम्प्रेसर थांबला की हवाही थांबते आणि खोल्या आपापल्या वाटेने तापतात. "ऑन" केलात तर घरातली हवा ढवळत राहते आणि खोल्यांमधला फरक कमी होतो. पण दमट हवेत हे महागात पडतं. कॉम्प्रेसर थांबल्यावर ओल्या कॉइलवरचं पाणी पंखा पुन्हा घरात उडवतो आणि सगळं चिकट वाटायला लागतं. हवेतलं पाणी काढणं हे एसीचं जोडकाम नव्हे. १९०२ साली विलिस कॅरियरने आपली पहिली यंत्रणा आखली तीच मुळी छापखान्यातली दमट हवा आटोक्यात आणायला, कागद फुगून रंग जागचे हलत होते म्हणून. कोरड्या हवेत "ऑन", दमट हवेत "ऑटो", एवढं लक्षात ठेवा.

बर्फ आणि ब्लोअर

हवा तासाभराने कमी होत असेल तर इनडोअरचं झाकण उघडून कॉइल बघा. पांढरा थर दिसला तर कूलिंग ताबडतोब बंद करा, फक्त पंखा चालू ठेवा आणि बर्फ पूर्ण वितळेपर्यंत थांबा. काही तास लागतात. खाली बादली ठेवा. स्क्रूड्रायव्हरने बर्फ खरवडू नका, खालची नळी फुटली तर गॅस खरोखरच जाईल.

बर्फ धरायची मुख्य कारणं दोन: कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, किंवा गॅस कमी आहे. पहिलं तुम्ही तपासू शकता. फिल्टर साफ, ग्रिलं उघडी, दाराची वाट मोकळी करून पुन्हा चालवा. बर्फ परत आला तर मेकॅनिक.

मेन स्विच बंद करून टॉर्चने ब्लोअरची पातीही बघा. ती अर्धगोल वळलेली असतात आणि त्या वळणामुळेच हवा फेकली जाते. धूळ त्या खोलगट बाजूत बसते, ओलाव्याने घट्ट होते आणि पातं जवळजवळ सपाट करून टाकते. मोटर तेवढ्याच वेगाने फिरते, आवाजही तसाच, पण हवा निघत नाही. मी एकदा जुन्या टूथब्रशने एक पातं साफ करून घरमालकाला शेजारचं पातं दाखवलं. पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. वरवरची धूळ ब्रशने काढता येते, पण ब्लोअर बाहेर काढून धुणं मेकॅनिकवर सोडा. पाती वाकली किंवा तोल गेला तर घरघर कायमची मागे लागते.

डॅम्पर आणि फॉल्स सीलिंगच्या वर

इथून पुढे शिडी लागते. फॉल्स सीलिंगवर पाय किंवा भार देऊ नका, ते माणसासाठी नसतं. वर वायरी उघड्या दिसल्या तर खाली उतरा.

डक्टच्या फाट्यांवर बाहेरून छोटा दांडा दिसला तर तो डॅम्पर. दांडा डक्टच्या दिशेने असेल तर उघडा, आडवा असेल तर बंद. हात लावण्याआधी सध्याची जागा मार्करने खुणेने दाखवून ठेवा. मग जास्त गार खोलीचा डॅम्पर थोडासा मिटवा, एकदम अर्धा नको, आणि एक पूर्ण दिवस थांबा. घर तासाभरात उत्तर देत नाही. तासातासाला डॅम्पर फिरवणाऱ्यांची घरं शेवटी मीच पुन्हा पहिल्या खुणेवर आणून देतो.

नंतर त्या खोलीकडे जाणारा डक्ट डोळ्यांनी शेवटपर्यंत बघा. चंदेरी नळीसारखा फ्लेक्स डक्ट असेल तर तीन गोष्टी शोधा. पहिली, मुडपलेली जागा: तुळईवरून वळताना किंवा दिव्याच्या डब्यावर अडकून नळी चपटी होते. वळणाची त्रिज्या निदान नळीच्या व्यासाएवढी तरी असावी. दुसरी, झोळी: दोन आधारांमध्ये नळी लोंबत असेल. मीटरभर अंतरात चार सेंटिमीटरपेक्षा जास्त झोळ नको. तिसरी, जास्तीची लांबी: बसवणाऱ्याने उरलेली नळी कापायचा कंटाळा केला आणि गुंडाळी वर कोंबून ठेवली. फ्लेक्सची आतली तार ताणली गेली तरच भिंत गुळगुळीत राहते, दबलेली असली की प्रत्येक सुरकुती हवेला अडवते. ताणून घ्या, जास्तीचं कापा, रुंद पट्ट्याने टांगा. बारीक तारेने टांगलंत तर तिथेच नळी आवळली जाईल.

आणि हो, नळी कॉलरवरून, म्हणजे ती जिथे बसवतात त्या पत्र्याच्या कड्यावरून, पूर्ण निसटलेलीही असू शकते. दिवे बसवायला कोणी वर गेलं होतं का, हे मी नेहमी विचारतो. निसटली असेल तर खोलीत झोत जवळपास शून्य आणि वरची पोकळी मात्र झकास गार.

सांध्यांतली गळती हात फिरवून कळते, उदबत्तीच्या धुराने आणखी स्पष्ट. बुजवायला मॅस्टिक (सांध्यांवर लावायचा घट्ट लेप) किंवा अ‍ॅल्युमिनियमची फॉइल टेप वापरा. कापडी करड्या टेपला "डक्ट टेप" म्हणतात, पण डक्टच्या सांध्यावर ती टिकत नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९८ मध्ये वेगवेगळी सीलंट तापवून-गारवून तपासली, त्यात नेमकी हीच टेप वाईट रीतीने नापास झाली. मलाही वर गेल्यावर तिची सुकलेली सालं डक्टवरून लोंबताना दिसतात.

डक्ट सरळ, सांधे पक्के आणि तरीही झोत कमी असेल तर नळीच लहान असेल. तेवढ्याच दाबाला ८ इंची नळी ६ इंचीच्या साधारण दुप्पट हवा नेते. दोन इंचांचा फरक दिसायला किरकोळ, पण लांबच्या खोलीला सहाची नळी दिली की ती खोली जन्मभर रडते. हा दोष घरच्या घरी सुटत नाही.

हॉलमध्ये एकच स्प्लिट असेल तर

भिंतीवरचा एसी दारातून वळून शेजारच्या खोलीत हवा फेकत नाही. त्याचा सेन्सर हॉल गार झाला की थांबतो. तरी थोडं साधता येतं. दारात जमिनीवर टेबल फॅन ठेवा, तोंड गरम खोलीकडे. खालची गार हवा आत ढकलली जाते आणि गरम हवा दाराच्या वरच्या भागातून आपोआप हॉलमध्ये परत येते. लोक पंखा उंच स्टुलावर ठेवतात, त्याने दोन्ही प्रवाह एकमेकांना भिडतात. यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. रोज झोपायची खोली असेल तर तिला तिचं यंत्र लागेल.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

कपॅसिटर, म्हणजे मोटरला लागणारा चार्ज साठवणारा भाग. ब्लोअर मंद फिरत असेल तर तो कमजोर झाल्याची शक्यता मोठी, पण वीज बंद केल्यावरही त्याच्यात चार्ज राहतो आणि झटका जबर बसतो. व्हिडिओ बघून हात घालू नका.

गॅसचं कुठलंही काम. गॅस वापरून संपत नाही, बंद नळ्यांत तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे गळती आहे. गळती न शोधता वरून भरून देणाऱ्याला पुढच्या हंगामात पुन्हा बोलवावं लागतं. एसीतल्या गॅसपैकी आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, आर-२९० म्हणजे प्रोपेन तर चांगलाच पेटतो.

जळका वास, वारंवार पडणारा ब्रेकर, किंवा जुन्या इमारतीत डक्टभोवती करडं, भुसभुशीत आवरण. ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, खरवडू नका, हलवूही नका. तसंच घरात आतली हवा वापरणारा गॅस गीझर असेल आणि एसी चालू असताना त्याचा धूर बाहेर जायच्या ऐवजी आत येत असेल, तर दोन्ही बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर या. दारं लागून घराच्या मधल्या भागात दाब कमी झाला की असं होऊ शकतं, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

वरचं सगळं करूनही फरक पडला नाही, तरीही बोलवा. पण "एसी बघा" एवढंच म्हणू नका. डक्टमधला एकूण स्टॅटिक प्रेशर, म्हणजे हवा ढकलताना ब्लोअरला पेलावा लागणारा दाब, मोजायला सांगा. घरगुती यंत्रं बहुधा १२५ पास्कलच्या, म्हणजे अर्धा इंच उंचीच्या पाण्याच्या दाबाएवढ्या, आसपास चालायला बनवलेली असतात. त्याच्या दुप्पट निघाला तर डक्ट किंवा फिल्टर गळा दाबतोय. एकूण हवा टनामागे ३५० ते ४०० सीएफएम आहे का ते विचारा. प्रत्येक खोलीचा उष्णतेचा हिशेब वेगळा मागा. "ब्लोअरचा स्पीड वाढवून देतो" असं उत्तर आलं तर लक्षात घ्या, त्याच डक्टमधून २० टक्के जास्त हवा ढकलायला वीज सुमारे ७० टक्के जास्त लागते, आणि गरम खोलीचा वाटा तेवढाच लहान राहतो. "मोठं यंत्र घ्या" असं आलं तर मापं दाखवा म्हणा. जास्त टनाचं यंत्र हॉल आणखी लवकर गार करून आणखी लवकर थांबेल, म्हणजे आतल्या खोलीला हवा आणखी कमी वेळ मिळेल.

तुमचा कागद समोर ठेवा: कुठल्या खोलीत किती अंश, पिशवी किती सेकंदांत भरली, दार उघडं असताना काय आणि लावल्यावर काय. तो न वाचताच जो गॅसची टाकी उघडायला लागेल, त्याला चहा पाजून परत पाठवा.